भैरवीचा बिलावल कसा झाला?

मंडळी, मागच्या वेळी आपण चिन्ह आणि अर्थ यांवर बोललो, तेव्हा कुणीतरी म्हणालं, सर, उदाहरण घरातलं द्या. तर आज घरातलंच घेतो.

आमच्या थोरल्या बहिणीची बंदिशींची वही आहे. ती गेल्यावर इथं अचलपूरला माझ्याकडे आली. कागद इतका पिवळा झालाय की पान उलटताना तुकडा हातात येतो. नातीनं ती संगणकावर उतरवायला घेतली आणि भैरवीची एक बंदिश मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मी वाचली आणि म्हटलं, अगं, ही भैरवी नव्हे, बिलावल आहे! ती म्हणे, आबाजी, मी तर जसंच्या तसं लिहिलं.

खरंच लिहिलं होतं. भातखंड्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी. नातीनं रे, ग, ध, नि अधोरेखित केले होते. पण अधोरेखन ही मजकुराची सजावट, अक्षर नव्हे. मजकूर तिकडून इकडे चिकटवला, सजावट गळाली. चार रेघा गेल्या, चारी स्वर शुद्ध झाले, आणि राग बदलला.

यावर तोडगा आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. ऋग्वेदाच्या पोथ्यांत अनुदात्ताखाली आडवी रेघ देतात, स्वरितावर उभी. युनिकोडमध्ये ही दोन्ही चिन्हं आहेत. (त्यातल्या उभ्या रेघेचं नाव मात्र त्यांनी ‘उदात्त’ ठेवलंय, वैदिकांनी काय ते बघावं.) ती वापरली की रेघ अक्षराला चिकटून राहते. फक्त ‘रे’ लिहिताना मात्रा आधी आणि रेघ नंतर, नाहीतर मध्येच एक ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं.

टिंबांचं दुखणं वेगळंच. तार सप्तकाला वर टिंब, म्हणून आपण अनुस्वार टाकतो. मंद्राला खाली टिंब, म्हणून नुक्ता. डोळ्याला ठीक दिसतं. पण संगणकाच्या लेखी तो तार गंधार राहत नाही, ‘गं’ होतो. वाचून दाखवणारं यंत्र तो नाकात म्हणतं! मंद्र निषादातला ‘न’ तर देवनागरीतलं निराळंच अक्षर ठरतो. दिसणं एक, असणं दुसरं.

म्यूझस्कोरसारख्या प्रणालीत पाच रेघांवर स्वर मांडता येतात. स्वर निवडायचा, बाजूच्या पेटीतलं चिन्ह दाबायचं. तिथंही हाच भेद आहे बरं का. काही चिन्हं वाजवताना ऐकू येतात, काही नुसती चित्रं म्हणून बसतात. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञानं १९६८च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये म्हटलं की स्वरलिपीचं काम कृतीची ओळख पक्की करणं, एक स्वर चुकला तर ते त्या कृतीचं वादनच नव्हे. आपल्या गवयांना हे सांगितलं तर हसतील. रोज वेगळी गायची तीच तर बंदिश!

पण म्हणून लिपी कुचकामी? तसं मी म्हणणार नाही. भातखंडे वकील माणूस. गावोगाव फिरून, घराण्यांनी कुलुपात ठेवलेल्या चिजा त्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत मराठीत छापल्या. भैरवातला आंदोलित रिषभ आणि तोडीतला रिषभ, दोहोंखाली एकच रेघ, हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? रेघ गळा शिकवत नाही, ज्यानं ऐकलंय त्याला आठवण देते. आपल्या शेजारच्या रिद्धपूरची परंपरा बघा. महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. किल्ली असलेल्यालाच ते उघडत.

माझं भांडण नातीशी नाही, तयार नमुन्यांशी आहे. तिला त्यात मींड हवी होती. भातखंडे वर कमान काढतात. तिला पेटीत जी कमान सापडली ती पाश्चात्त्य लेगाटोची, म्हणजे स्वर न तोडता वाजवा एवढंच. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मधल्या श्रुतींना स्पर्श करत. आकार एकच, आज्ञा दोन. यंत्रानं वाजवलं तेव्हा पायऱ्या उतरल्यासारखं वाजलं.

शेवटी आम्ही दोन गोष्टी केल्या. मजकुरात वैदिक रेघा घातल्या, आणि प्रत्येक बंदिशीसोबत वहीच्या पानाचा फोटो ठेवला. एका पानावर बहिणीनं पेन्सिलीनं धैवताभोवती नागमोडी खूण केलीय. ती कोणत्याच लिपीत नाही. नात विचारते, आबाजी, हिचं काय करू? मी अजून उत्तर दिलेलं नाही.