मालेगावचा सुपरमॅन आणि कपाटातली वही

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही आठवीतल्या एका मुलीची वही जप्त केली. उर्दूचा तास चालू होता आणि ती बाकाखाली काहीतरी लिहीत बसली होती. वहीत नटांची कापून चिकटवलेली चित्रे होती, सिनेमातले संवाद होते आणि प्रत्येक संवादाखाली तिने स्वतः रचलेला उलटा संवाद होता. आम्ही रीतीप्रमाणे रागावलो आणि वही कपाटात टाकली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. नाशिक रोडहून मालेगाव शंभरएक किलोमीटर. आमची खाला तिथली, म्हणून हौसेने पाहायला गेलो. थिएटरमधून बाहेर पडताना सगळ्यांत आधी आठवली ती कपाटातली वही.

नासिर शेख यांची हकीकत आता पुष्कळांना ठाऊक आहे. मालेगावात त्यांचे व्हिडिओ पार्लर होते. देशोदेशीचे सिनेमे पाहता पाहता, त्यांचे तुकडे जोडता जोडता या माणसाने जुळणीचे कसब उचलले. मग २००० साली सुमारे ५०,००० रुपयांत ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. नट कोण, तर ओळखीचे कारागीर आणि यंत्रमागावरचे कामगार. सरकता कॅमेरा हवा असेल तर सायकल, उंचावरून दृश्य घ्यायचे असेल तर बैलगाडी. मालेगावात मागांना सुट्टी शुक्रवारी. जुम्म्याची नमाज झाली की माणसे सिनेमाकडे वळत. आठवडाभर मागाच्या खडखडाटात कान बधिर झालेल्या माणसाला आपल्याच गल्लीतला शेजारी पडद्यावर दिसला, तर त्याला काय वाटले असेल?

आम्ही तो सिनेमा लहानपणी खालाच्या घरी सीडीवर पाहिला. पार्लरमध्ये आम्हा मुलींना कोण जाऊ देणार? शेजारी माग चालू, आवाज नीट ऐकू येत नव्हता, तरी सगळ्या खोलीला हसू आवरत नव्हते. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले तेव्हा खालूजान म्हणाले, “बेटा, ही सायकल आपल्या गल्लीतली आहे.” मूळ ‘शोले’ आम्ही नंतर पाहिला. तोवर आमच्यासाठी रामगढ मालेगावच्या बाहेरच वसलेले होते.

याला नक्कल म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण मराठी वाचकाला विडंबनाची किंमत सांगण्याची गरज नसावी. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’नी १९२५ साली तेव्हाच्या कवितेची जी खोड मोडली, ती कविता तोंडपाठ असलेल्या माणसालाच मोडता येते. विडंबन करणारा हा बहुतेक वेळा त्या कलाकृतीचा सर्वांत जवळचा वाचक असतो. नासिरभाईंनी ‘शोले’तली भव्यता काढून घेतली आणि तिच्या जागी मालेगावचे रस्ते, मालेगावची बोली आणि मालेगावची गरिबी ठेवली. ही आमच्या मते समीक्षाच आहे. मोठ्या सिनेमाने ज्याला कधी चौकटीत घेतले नाही, त्याने ती चौकट उचलून आपल्या घरापुढे आणून ठेवली.

आणि हे आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदा घडले असेही नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके हेही आधी प्रेक्षकच होते. मुंबईत येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपला कृष्ण उभा राहिला. परक्याचे पाहून आपले करावेसे वाटणे, याच इच्छेतून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पत्नी सरस्वतीबाई घरचे सांभाळून फिल्मचीही कामे करीत. फाळक्यांना पितामह म्हणायचे आणि नासिरभाईंना नकल्या, हा न्याय आम्हांला पटत नाही.

आता ‘सुपरबॉइज’विषयी. वरुण ग्रोव्हर यांचे लेखन जबाबदारीचे आहे. फरोग या लेखकाचे पात्र विनीत कुमार सिंह यांनी असे केले आहे की, कोणत्याही लिहिणाऱ्या माणसाने आरशात पाहावे. किती दिवस दुसऱ्याच्या गोष्टीवर हसवायचे, आपली गोष्ट कधी सांगायची, हा फरोगचा सवाल सिनेमाने टाळलेला नाही. त्याचे मोल आहेच. तरीही आमचा एक आक्षेप आहे. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात काटकुळा शफीक हिरव्या कापडापुढे आडवा होऊन उडतो, कॅमेरा पाण्यात पडतो, सगळे हताश होतात आणि पुन्हा कामाला लागतात. तिथे आपण त्यांच्याबरोबर हसतो. खऱ्या शफीक यांचे २०११ मध्ये कर्करोगाने निधन झाले. मुंबईच्या सिनेमात हे आजारपण कथेच्या मध्यभागी येते आणि शेवटी आपण त्यांच्यासाठी रडतो. रडणे खोटे नाही. परंतु मालेगावच्या माणसाला कीव नको होती, टाळी हवी होती.

कारण कीव त्याच्या वाट्याला पुष्कळ आली आहे. २००६ आणि २००८ च्या बाँबस्फोटांनंतर बाहेरच्या जगाने मालेगाव ओळखले ते बातम्यांतून. त्याच काळात तिथली माणसे सुपरमॅनला हवेत उडवण्याच्या खटपटीत होती. या दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत. बातमीने पहिली सांगितली. दुसरी सांगण्याचे काम कोणाचे होते?

इथे आम्ही आपल्या साहित्याकडे वळतो. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आपण दंगल लिहिली, तलाक लिहिला, दारिद्र्य लिहिले. ते लिहिणे भागच होते. पण आमच्या वाचनातल्या कथांमधला मुसलमान क्वचितच सिनेमाला जातो. त्याला आवडती नटी नाही, त्याच्या उशाखाली इब्ने सफीची कादंबरी नाही. आमच्या अब्बांच्या पेटीत ‘शमा’चे जुने अंक होते. नटनट्यांची छायाचित्रे आणि चांगल्या उर्दू लेखकांच्या कथा एकाच मासिकात. अब्बा म्हणत, चित्रांसाठी अंक घेतला आणि कथांची चटक लागली. मराठी घरांत बाबूराव अर्नाळकरांनी जे केले, तेच उर्दू घरांत इब्ने सफींनी केले. वाचनाची सवय शौकातून लागली, उपदेशातून लागली नाही. शौक हा माणसाच्या जगण्याचा भाग आहे. तो वगळून लिहिलेला माणूस अर्धाच राहतो.

एक उणीव मात्र मालेगावकरांनाही सांगितली पाहिजे. या सिनेमांत मालेगावची बाई नाही. तिथल्या घरांतून कोणी मुलगी पडद्यावर येईना, म्हणून नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागल्या. फाळक्यांची तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषानेच केली होती. तेव्हाची अडचण नव्वद वर्षांनीही तशीच राहावी, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. सायकलींवरच्या डाकूंना हसणाऱ्या त्या खोलीत आमची खाला, तिच्या जावा, आम्ही सगळ्या होतो. प्रेक्षक म्हणून आम्हांला जागा होती, गोष्टीत नव्हती.

सोमवारी आम्ही वही परत केली. मुलगी घाबरून उभी राहिली. आम्ही तिला विचारले, यातले एक पान वर्गाला वाचून दाखवशील का? बराच वेळ ती बोलली नाही. मग तिने वाचले. तिचा सुपरमॅन नाशिक रोडला उतरतो आणि थेट रेशनच्या रांगेत उभा राहतो. रांगेतली एक बाई त्याला म्हणते, “भाई, आधी नंबर लावा, मग उडा.” वर्ग हसून लोटपोट झाला. ती बाई कोण, असे आम्ही विचारले.

“मीच, टीचर,” ती म्हणाली.