‘व्यसन’ या शब्दाचे मोजमाप

परिचर्येच्या विद्यार्थ्यांचे तंत्रव्यसन आणि ऑनलाइन शिक्षणाविषयीची त्यांची वृत्ती यांचा संबंध प्रश्नावलीने तपासण्याच्या पद्धतीवर माझा आक्षेप प्रथमतः भाषिक आहे. किंबर्ली यंग यांची १९९८ ची वीस प्रश्नांची चाचणी इंग्रजीत घडली. ‘ॲडिक्शन’ला ‘व्यसन’ म्हटले की अर्थ सरकतो. आपल्याकडे व्यसन दारूचे असते, तसे विद्येचेही. ‘विद्याव्यसनी’ ही तर स्तुतीच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही गेमिंगच्या विकृतीस स्थान आहे, सरसकट इंटरनेटव्यसनास नाही.

दुसरे असे की, २०२० च्या टाळेबंदीत वर्ग आणि विरंगुळा एकाच पडद्यावर आले. बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी मोबाईल हीच शाळा झाली असता, तासांच्या बेरजेत अभ्यास कोणता व आसक्ती कोणती, हे कसे ठरवावे? शिवाय शीर शोधणे, रक्तदाब मोजणे ही हाताची विद्या. ती पडद्यावरून येत नाही असे एखादी विद्यार्थिनी म्हणाली, तर ती प्रतिकूल वृत्ती नव्हे. ते व्यवसायाचे भान होय.

आसक्ती नसतेच, असे माझे म्हणणे नाही. मात्र प्रश्न आधी तिच्या बोलीत पारखावेत, आकडे मग मांडावेत.