जनुकांची ‘अभिव्यक्ती’ : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

जीवशास्त्राने भाषाव्यवहारातून बरेच शब्द उसने घेतले आहेत. संकेत, प्रतिलेखन, भाषांतर हे त्यांतील प्रमुख होत. ‘अभिव्यक्ती’ हा शब्द मात्र मराठीत साहित्यविचाराचा संस्कार घेऊन आला. कवीच्या ठायी काही असते व ते तो प्रकट करतो, ही समजूत जनुकास लावली की जीवनसत्त्व जनुकास बोलते करते, असा भास होतो. ब-गटातील जीवनसत्त्वांवरील मराठी लेखनात तो बळावतो, आणि त्याचा उपद्रव शब्दापुरता राहत नाही.

वस्तुतः जनुकावरून आरएनए व त्यावरून प्रथिन किती प्रमाणात तयार होते, एवढाच येथे अभिव्यक्तीचा अर्थ. डीएनएमधील सायटोसीनवर मिथिल गट बसला की पुष्कळदा ते जनुक मंदावते. हा गट पुरविण्यास फोलेट व ब-१२ या दोहोंची गरज असते. फोलेट तो वाहून आणते. ब-१२च्या साहाय्याने तो होमोसिस्टीनवर चढून मेथिओनीन बनते. तेथून तो डीएनएपर्यंत पोहोचतो. ब-१२ उणे पडले तर फोलेट आपला भार न उतरविताच अडकून पडते. जुन्या पोथीत नकोशा अक्षरांवर हरताळ लावीत. अक्षर खाली तसेच राही, वाचणारा तेवढे वगळून पुढे जाई. मिथिलाचे कार्य हे असे आहे, आणि जीवनसत्त्वे केवळ हरताळ पुरवितात. तो कोठे लावावयाचा हे ती ठरवीत नाहीत.

आपल्याकडील या विषयाचे महत्त्वाचे काम पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी केले. १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत आरंभिलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दोन-तृतीयांश मातांत ब-१२ कमी होते, फोलेटची उणीव मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. ज्या मातांत ब-१२ उणे व फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वाधिक आढळला. हा सहसंबंध होय. जनुकांवरील खुणा या निष्कर्षांत मोजलेल्या नव्हत्या. ब-१२ची पूरक मात्रा दिल्यावर मधुमेहाशी निगडित जनुकांवरील मिथिलीकरण पालटते, हे हैदराबाद येथील संशोधकांनी याज्ञिकांच्या सहकार्याने २०१८ साली दाखविले. या दोन विधानांमधील अंतर मराठी सारांशकार एका वाक्यात ओलांडतात : ‘आईच्या आहाराने मुलाची जनुके बिघडतात.’

या वाक्यातील तृतीया विभक्ती पाहावी. तिने कारणत्व आहारावर व षष्ठीने दोष आईवर टाकला आहे. आणि ‘बिघडतात’ हे क्रियापद तर साफ चुकीचे, कारण अक्षर बदललेलेच नसते. आमच्या अहमदपूरच्या परिसरात ज्वारीची भाकरी, वरण व पालेभाजी हा आहार फोलेट देतो, ब-१२ देत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून यावयाचे. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या वाट्यास दूध किती उरते, हे निराळे सांगावयास नको. तिलाच वाक्याची अपराधी करणे हा भाषेचा अन्याय आहे. उलट, फोलेट घातक ठरवून गर्भिणीने फोलिक आम्लाची गोळी टाकून देणे हेही अनर्थकारक, कारण गर्भाच्या मज्जारज्जूचे व्यंग टाळण्यास ते आवश्यकच आहे. मुद्दा समतोलाचा आहे.

यास्तव ‘अभिव्यक्ती’ऐवजी ‘जनुकाची कार्यमात्रा’ असे म्हणावे, अशी सूचना करावीशी वाटते. शब्द रुक्ष आहे खरा. पण तो कोणावर ठपका ठेवीत नाही. पुण्याच्या त्या खेड्यांतील मुले वयात आल्यावर गर्भधारणेपूर्वीच ब-१२ देण्याचा जो प्रयोग २०१२ साली सुरू झाला, त्यात मुलींबरोबर मुलगेही होते.