इंग्रजी रुप्याच्या चमच्यांवरील नाममुद्रा : दोन ग्रंथांचें परीक्षण

जुन्या इंग्रजी रौप्यपात्रांचा अभ्यास करणारास दोन ग्रंथ टाळतां येत नाहींत : चार्ल्स जॅक्सन यांचा ‘इंग्लिश गोल्डस्मिथ्स अँड देअर मार्क्स’ (१९०५) व आर्थर ग्रिमवेड यांचा ‘लंडन गोल्डस्मिथ्स १६९७-१८३७’ (१९७६). पहिल्याचा विस्तार मोठा, दुसऱ्याचा पाया पक्का, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें येथें देतों.

प्रत्येक उस्ताद सोनारानें मालावर स्वतःची खूण उठवावी, हा इंग्लंडांतील कायदा १३६३ चा. लंडनच्या मालावर वर्षदर्शक अक्षर १४७८ पासून व चालता सिंह १५४४ पासून येतो. चमच्याचा तर ठशांच्या जागेवरूनहि काळ कळतो. सुमारें १७८१ पर्यंत ठसे दांड्याच्या खालच्या भागीं, खळग्याजवळ, उठवीत. पुढें ते वरच्या टोंकाकडे गेले. १ डिसेंबर १७८४ पासून करभरणा दाखविणारें राजमस्तक त्यांत आलें.

येथवर साक्ष निःसंदिग्ध आहे. घोटाळा होतो तो नाममुद्रेपाशीं. तींत बहुधा आद्याक्षरेंच असतात; पूर्ण नांव कळावयाचें तें गोल्डस्मिथ्स हॉलमधील नोंदवह्यांवरून. परंतु लहान कामाच्या कारागिरांची १७३९ ते १७५८ ची व मोठ्या कामाच्या कारागिरांची १७५८ ते १७७३ ची, अशा दोन नोंदवह्या गहाळ आहेत. जॅक्सन यांनीं हजारों ठसे प्रत्यक्ष वस्तूंवरून टिपले, हे त्यांचे उपकार थोर. पण या पोकळींतील ठशांस त्यांनीं अनुमानानें नांवें जोडलीं, व पुढील संग्राहकांनीं तीं प्रमाण मानलीं. ग्रिमवेड यांनीं नोंद न सांपडलेले ठसे निराळ्या विभागांत ठेविले. मूळ पाठ कोणता व संपादकाची पूर्ति कोणती, हें स्पष्ट दाखविणें हा संपादनाचा पहिला धर्म. तो त्यांनीं पाळला आहे.

नोंद सांपडली तरी एक प्रश्न उरतोच. हेस्टर बेटमन यांनीं पतीच्या पश्चात् १७६१ सालीं एच. बी. हीं वळणदार अक्षरें नोंदविलीं, व १७९० सालीं त्या धंद्यांतून निवृत्त झाल्या. त्या अक्षरांचा चमचा बाईंच्या हातचा मानून लोक अधिक मोल देतात. परंतु कारखान्यांत मुलगे व उमेदवार राबत होते. एकाच्या ठशावर दुसऱ्यानें आपला ठसा मारलेले नगहि आढळतात. माल कसास न उतरल्यास जाब कोणीं द्यावयाचा, एवढेंच मुद्रा सांगते. हातोडी कोणाची, हें ती सांगत नाहीं. १९७३ च्या ब्रिटिश कायद्यांत ‘कर्त्याची मुद्रा’ न म्हणतां ‘प्रायोजकाची मुद्रा’ म्हटलें आहे, तें यथार्थ होय.

आमच्या वाचकांस हा भेद नवा नाहीं. दप्तरांतील पत्रावर शिक्का असतो धन्याचा, अक्षर असतें कारकुनाचें. शिक्का वाचून हस्ताक्षर ओळखल्याचा दावा आपण करीत नाहीं. मग चमच्यावरून कारागिराचा हात ओळखल्याचा दावा कां करावा?

सारांश, ठशांच्या आकृतींसाठीं जॅक्सन जरूर पाहावा. नांवासाठीं मात्र ग्रिमवेड यांची साक्ष काढल्यावांचून राहूं नये. आणि संग्राहकानें आपल्या टिपणांत तीन रकाने आंखावे : वस्तूवर काय उमटलें आहे, नोंदवहींत काय आहे, आणि आपलें अनुमान काय. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर त्यांत कमीपणा नाहीं.