तंतुसंमिश्र आवरणाची अवरक्त तपासणी : क्षेत्रफळाच्या निकषाची चिकित्सा

दुर्बल झालेल्या काँक्रीट तुळईला कार्बन तंतूंचे कापड इपॉक्सीने बाहेरून चिकटवून बळकटी देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. या पद्धतीची सारी भिस्त चिकटण्यावर असते. कापड आणि काँक्रीट यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर तेवढ्या भागात भाराचे संक्रमण होत नाही. ठोकून आवाज ऐकण्याच्या जुन्या रीतीऐवजी अवरक्त कॅमेरा वापरावा, असे प्रतिपादन अनेक अभ्यासांतून केले जाते. त्यात तथ्य आहे. दिव्यांनी तापवलेल्या पृष्ठभागातील उष्णता पोकळीतील हवेपाशी अडते आणि तो भाग पडद्यावर उजळ दिसतो. पुलाच्या तळाला ऊन क्वचितच लागत असल्याने तेथे कृत्रिम तापन बहुधा अपरिहार्य ठरते.

प्रश्न निर्माण होतो तो निकषाचा. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४०.२आर या मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार, जागेवरच ओल्या इपॉक्सीने चढवलेल्या थरांत १,३०० चौ. मिमी.हून लहान पोकळ्या चालतात. मात्र त्यांचे एकूण क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी आणि संख्या दर चौरस मीटरला १० पर्यंतच असावी लागते. १६,००० चौ. मिमी.हून मोठी पोकळी असल्यास तो भाग कापून ठिगळ लावावे लागते. कॅमेरा क्षेत्रफळ दाखवतो आणि निकषही क्षेत्रफळाचाच, म्हणून दोहोंची जोडी सोयीची वाटते. तथापि उष्णता आडवीही पसरते, त्यामुळे प्रतिमेची कड पुसट होते आणि कोणत्या क्षणाची प्रतिमा घेतली यावर पोकळीचा आकार ठरतो. ४० मिमी. व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे १,२५७ चौ. मिमी., म्हणजे मर्यादेच्या आत. कड सर्व बाजूंनी केवळ ५ मिमी. बाहेर धरली की तेच १,९६३ होते. थर वाढले की अडचण वाढते: खोली तिप्पट झाल्यास उष्णतेला लागणारा वेळ साधारण नऊपट होतो आणि उजळपणाही मंदावतो.

जागेचे महत्त्व याहूनही अधिक आहे. कापडाच्या टोकाशी व भेगेलगत ताण एकवटतो; तेथील लहान पोकळी मधल्या भागातील तेवढ्याच पोकळीपेक्षा घातक ठरू शकते. मार्गदर्शिका दुरुस्तीची पद्धत निवडताना पोकळीचे स्थान विचारात घेते, परंतु स्वीकाराच्या आकड्यांत त्याला स्थान नाही.

शिवाय, धूळ राहिलेल्या वा नीट न घासलेल्या काँक्रीटवर कापड टेकलेले असते, पण घट्ट धरलेले नसते. हवाच नसल्याने कॅमेऱ्याला तेथे काहीच दिसत नाही. हा दोष केवळ ओढचाचणीतच उघड होतो, तीत १.४ मेगापास्कलहून अधिक ताण सहन होऊन काँक्रीटच तुटावे, अशी अपेक्षा असते. ही चाचणी आवरणाला इजा करते, म्हणून ती शक्यतो त्याच वेळी, त्याच मिश्रणाने, मुख्य भागाशेजारी चढवलेल्या जादा तुकड्यावर घ्यावी लागते. अशा तुकड्याची तरतूद कामाच्या निविदेतच असावयास हवी.