एकफुफ्फुसी श्वसन : प्राणवायूची पातळी आणि फुफ्फुसरक्षण

प्रास्ताविक :
छातीच्या शस्त्रक्रियेत एक फुफ्फुस मिटवून दुसऱ्यावरच श्वसन चालविले जाते. एरिक कार्लेन्स यांच्या १९४९ मधील दुहेरी नळीमुळे ही पद्धत सुकर झाली. मात्र मिटलेल्या फुफ्फुसातील रक्त प्राणवायू न घेताच परतते. अशा भागातील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त अन्यत्र वळवितात, हे फॉन ऑयलर व लिलयेस्ट्रँड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. ही नैसर्गिक तजवीज प्रत्येक रुग्णात पुरेशी ठरत नाही.

विवेचन :
वायुकोश मिटू नयेत म्हणून दीर्घकाळ एकाच फुफ्फुसाला दर किलो वजनामागे १० ते १२ मिली एवढा मोठा श्वास दिला जात असे. यामागील तर्क सदोष नव्हता. निकष अपुरा होता. तीव्र श्वसनविकाराच्या ८६१ रुग्णांवरील अमेरिकी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत १२ मिली गटातील प्राणवायूची स्थिती प्रारंभी अधिक चांगली होती. तरीही त्या गटात ३९.८ टक्के, तर ६ मिली गटात ३१ टक्के रुग्ण दगावले. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. तथापि, चांगला आकडा म्हणजे सुरक्षित फुफ्फुस, हे गृहीतक त्याने निश्चितच डळमळीत केले.

आज ४ ते ६ मिलीचा श्वास व श्वासान्ती धन दाब यांची जोड दिली जाते. या दोहोंची फारकत करणे चुकीचे आहे. दाबाविना लहान श्वासाने वायुकोश मिटतात. अतिदाबाने रक्तवाहिन्या दबून रक्त मिटलेल्या फुफ्फुसाकडेच ढकलले जाते. वरच्या फुफ्फुसाला सौम्य सतत दाब दिल्यास प्राणवायू वाढतो. परंतु दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत फुगलेले फुफ्फुस दृष्टीआड येते. म्हणून प्राणवायूचे प्रमाण वाढवून नळीची जागा दुर्बिणीने तपासणे, ही पहिली पायरी ठरते.

समारोप :
पातळी धोकादायकरीत्या घसरल्यास दोन्ही फुफ्फुसे पुन्हा फुगवावीत, याविषयी दुमत नाही. परंतु एरवी केवळ आकडा सुधारला म्हणून एखादे धोरण श्रेष्ठ ठरत नाही. त्याचे खरे मूल्यमापन शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे फुफ्फुस कसे राहिले, यावरच व्हावयास हवे.