कादंबरी : बाणाची आणि चित्रांतली

भेस्तानसारख्या ठिकाणी गुजराती शाळेत जाणाऱ्या मराठी मुलास 'नवलकथा' हा शब्द शाळेत मिळतो आणि 'कादंबरी' हा घरी. अर्थ एकच. परंतु घरचा शब्द मुळात एका गंधर्वकन्येचे नाव आहे, हे त्यास सहसा कोणी सांगत नाही. आमच्या घरीही ते कोणी सांगितले नव्हते. सांगितले ते 'अमर चित्र कथा' मालेतील 'कादंबरी' या पुस्तिकेने. म्हणून तिचे गुणदोष पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही माला कार्कळचे कोकणीभाषी अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केली. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, ही खंत तिच्या मुळाशी होती.

सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाची मूळ कथा फार गुंतागुंतीची. शूद्रक राजापुढे एक पोपट बोलतो. त्याच्या कथेत जाबाली ऋषींची कथा, तिच्या पोटात महाश्वेतेची. विरहाने मरणारा मुनिकुमार पुंडरीक चंद्रास शाप देतो, चंद्र त्यास उलट शापतो. मग चंद्र हा चंद्रापीड आणि पुढे शूद्रक होतो. पुंडरीक हा वैशंपायन आणि पुढे तोच पोपट! हे जन्म जुळविताना पदवीधरही कागदावर आकृती काढू लागतो. दहा वर्षांचे मूल मात्र चित्रांच्या आधाराने ते एका बैठकीत समजून घेते. पानपानभर चालणाऱ्या समासांनी दूर ठेवलेला वाचक या पुस्तिकेने कथेच्या दाराशी आणला, हा गुण लहान नव्हे.

दोष आहे तो याच गुणाच्या पोटी. अच्छोद सरोवराच्या काठी, शिवमंदिरात, महाश्वेता वीणेवर शंकराची आराधना करीत बसली आहे. तिच्या शुभ्रतेचे वर्णन बाण संपवीतच नाही. आणि त्या लांबीतच तिच्या तपश्चर्येचा काळ वाचकास जाणवतो. चित्रास पांढरा रंग पुरतो, आणि पान उलटते. जन्मांतरीच्या प्रेमकथेचा प्राण म्हणजे प्रतीक्षा; ३२ पानांत घटना बसतात, प्रतीक्षा बसत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. वैशंपायन त्याच सरोवराकाठी येतो, काहीतरी हरवल्यासारखा तेथेच रेंगाळतो आणि महाश्वेतेपाशी प्रेमयाचना करतो. पुंडरीकाच्या निष्ठेपायी ती त्यास पोपट होण्याचा शाप देते; आणि तो तर पुंडरीकच असतो. निष्ठेनेच आपल्या दैवताचा घात केला! दुसरी बाजू न ऐकता दिलेला निकाल, असे आम्ही वकील मंडळी म्हणू. परंतु बाजू मांडणाऱ्यासच ती ठाऊक नसेल तर दोष कोणास द्यावा? शब्दांत चेहरा धूसर ठेवता येतो. चित्रास तो रेखावाच लागतो. चेहरा निराळा दिसला की बालवाचक त्यास परका समजतो आणि 'बरी खोड मोडली' म्हणून पुढे सरकतो. कर्मविपाकाचे सारे दुःख तेथे निसटते. पुनर्जन्म मग वेषांतराइतकाच उरतो.

हा दोष केवळ या पुस्तिकेचा नव्हे, तिने पत्करलेल्या माध्यमाचा आहे, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. बाणाने कथा अपुरी ठेवली, ती त्याच्या पुत्राने पुरी केली. ग्रंथासही पुढील जन्म दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. पूर्वजन्माची आठवण मात्र कोणीतरी जागी ठेवावयास हवी.

मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या म. म. पां. वा. काणे यांनी बाणाच्या 'कादंबरी'चे सटीप संपादन केले आहे. देवळाच्या वाचनालयात ते आणि ही चित्रपुस्तिका एकाच फळीवर असावी, असे आम्हांस वाटते. मूल शापाच्या पानावर आले की घरातील एखाद्या आजीने क्षणभर त्याचा हात धरावा आणि विचारावे, "हा कोण, ओळखलेस का?" पान त्यानंतर उलटावे.